केमो चालू असताना घरातलं मांजर

कॅन्सरचं निदान झालं की आठवड्याभरात कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतंच, "आता ते मांजर कुणाला तरी देऊन टाक बाई, इन्फेक्शन व्हायचं." काळजीपोटीच बोललेलं असतं, पण मला हा सल्ला पटत नाही. घरातले कामावर गेले की केमोवाल्या मैत्रिणीला दुपारभर एकटीनं पडून राहायचं असतं. अशा वेळी पायाशी मुटकुळं करून झोपणारं मांजर नेलं तर होती ती सोबतही जाते. घरातच राहणारं, लसी झालेलं मांजर बहुतेक रुग्णांना ठेवता येतं. मात्र घरात प्राणी आहे हे ऑन्कॉलॉजिस्टला पहिल्याच भेटीत सांगायचं, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट असेल तर नियम खूपच कडक असतात, ते तंतोतंत पाळायचे. बाकी काही कामं तिच्या हातून काढून आपण मित्रमैत्रिणींनी वाटून घ्यायची.

पहिलं काम लिटर ट्रेचं, म्हणजे मांजर शी-शू करतं त्या वाळूच्या (लिटरच्या) ट्रेचं. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडू शकतो. त्याची अंडी ताज्या विष्ठेतून लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका फारच कमी राहतो. रविवारी सगळ्यांनाच सुट्टी हवी असते आणि नेमका तेव्हाच खाडा पडतो, म्हणून रविवारचं नाव आधी ठरवा. मास्क आणि हातमोजे घालून विष्ठा आणि लघवीनं झालेल्या लिटरच्या गाठी काढायच्या, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकायच्या, कमोडमध्ये नाही. नवं लिटर साधारण दोन इंच भरायचं, ओतताना धूळ उडणार नाही इतकं सावकाश. आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करून त्यात उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग घासून उन्हात वाळवायचा. ब्लीचनं ही अंडी मरत नाहीत. फिनाइल तर अजिबात नको, त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. ट्रे स्वयंपाकघरात नको. वन बीएचकेमध्ये ड्राय बाल्कनी त्यातल्या त्यात बरी. एखाद्या दिवशी कुणीच पोचलं नाही, तर तिनं स्वतः मास्क-हातमोजे घालून साफ करणं आणि नंतर साबणानं हात धुणं हे ट्रे दोन दिवस तसाच ठेवण्यापेक्षा चांगलं.

बाजारातून आणलेली कच्ची मासळी, कच्चं चिकन बंद. द्यायचंच तर पूर्ण शिजवून, काटे आणि हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण न घालता. केमोत वासांचा फार त्रास होतो. माशाच्या ओल्या खाण्याचं पाकीट फोडलं की तिला मळमळू शकतं, म्हणून त्या दिवसांत कोरडं खाणं सोपं जातं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं, नेमकं प्रमाण पाकिटावर बघा. आठवड्याचं खाणं मोजून सात डबे भरून ठेवले तर तिला फक्त झाकण उघडायचं राहतं.

आता तारखा. बऱ्याच औषधांमध्ये डोसनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशींचे काउंट सगळ्यात खाली जातात. २१ दिवसांची सायकल असेल तर मधला आठवडा जपायचा, म्हणून प्रत्येक डोसची तारीख ग्रुपवर टाका. त्या आठवड्यात मांजराशी दंगामस्ती नको, मांजरानं तोंड किंवा जखम चाटायला नको. मांजराला हात लावल्यावर, जेवणाआधी, औषधाआधी हात धुवायचे. नखं दर दोन आठवड्यांनी तुम्ही कापा, फक्त टोकं, आतल्या गुलाबी भागाच्या अलीकडेच थांबायचं. हाताला पिक लाइन (औषधं देण्यासाठी दंडाच्या शिरेत घातलेली बारीक नळी) असेल तर लोंबतं टोक मांजराला दोरीसारखं खुणावतं, त्यावर जाळीची बाही घालून ठेवायची. ओरखडा निघाला तर लगेच साबण आणि वाहतं पाणी, नंतर डॉक्टरांना फोन. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर "एक गोळी घेऊन बघू" करायचं नाही, तडक हॉस्पिटलला कळवायचं.

गोळ्यांच्या बाबतीत मांजरालाही जपायचं. उशाशी पडलेली पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. केपसायटाबिन ही केमोची गोळी, शरीरात गेल्यावर त्याचं फाइव्ह-फ्लोरोयुरॅसिल बनतं, ते कुत्र्यामांजरांसाठी भयंकर विषारी. गोळ्या झाकणाच्या डब्यात, डबा कपाटात. केमोनंतरचे निदान ४८ तास लघवी-उलटीत औषधाचा अंश असतो, तेव्हा कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचं, आणि उलटीचं भांडं मांजर पोचेल असं ठेवायचं नाही.

भेटायला जाताना लिलीचा गुच्छ नेऊ नका, हे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. बुके बनवणारे ती मोठी सुगंधी लिली हमखास खोचतात. तिचं पान, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, फुलदाणीतलं पाणी, यांतलं काहीही मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं. काउंट कमी असलेल्या रुग्णाच्या खोलीत तसंही फुलं नकोच म्हणतात. शहाळं न्या.

घरात कुत्रा असेल तर पट्टा तिच्या हातात द्यायचा नाही. प्लेटलेट कमी असताना एका हिसक्यानं पडणं महागात पडतं. फिरवून आणल्यावर पंजे पुसा, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. पावसाळ्यापूर्वी लेप्टोची लस झालीय का, रेबीजची तारीख उलटली नाही ना, हे कार्डावर तपासा. बाल्कनीतली कबुतराची विष्ठाही तिनं नाही, दुसऱ्या कुणीतरी ओली करून मगच काढायची, कोरडी झाडली की कण हवेत उडतात.

ती ॲडमिट झाली तर मांजर स्वतःच्या घरी न्यायचा मोह आवरा. अनोळखी घरात मांजर कपाटामागे दडून बसतं, खात नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जीवावर बेततं. मांजराला त्याच्याच घरात ठेवा आणि दोघांनी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा. किल्ली दोघांकडे, आणि फ्रिजवर एका कागदावर खाण्याचं माप, लसीच्या तारखा, व्हेटचा नंबर. मुंबईत टाटा मेमोरियलला खेपा घालणाऱ्यांना परळचंच प्राण्यांचं बाई साकरबाई हॉस्पिटल, म्हणजे बैलघोडा, जवळ पडतं. मांजर २४ तास काहीच खात नसेल तर व्हेटला दाखवा. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, तेव्हा सकाळची वाट न बघता रात्रीच न्या.