आजीच्या पापण्या बघत काढलेल्या पाच रात्री

एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला छोटा प्रोजेक्ट असतो, बहुतेक जण प्रश्नावली वाटून मोकळे होतात, पण मला झोप आणि स्वप्नं हाच विषय हवा होता. गाईड मॅडम म्हणाल्या, अगं आपल्याकडे मेंदूच्या लहरी नोंदवणारं ईईजी यंत्र नाही काही नाही, तू मोजणार कशानी? मी म्हटलं, मॅडम पापण्या आहेत ना. बंद पापणीखाली बुबुळाचा फुगवटा फिरतो तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्कीनीही झोपलेल्या माणसाचे डोळे बघण्यापासूनच सुरुवात केली होती, स्वतःच्या लहान मुलालाही त्यानी वायरी लावल्या होत्या. १९५३ साली त्याचा आणि त्याचे गाईड क्लाइटमन यांचा पेपर आला आणि रेम झोप, म्हणजे बंद पापण्यांखाली डोळे झपाझप फिरतात आणि स्वप्नं जास्त आठवतात ती झोप, जगाला कळली. मॅडमनी दोन अटी घालून हो म्हटलं, लेखी संमती घ्यायची आणि एका माणसाला रात्रीत दोनपेक्षा जास्त वेळा उठवायचं नाही.

माझे सहभागी दोन, धाकटा भाऊ आणि आजी. इंदिरानगरचं आमचं घर, डिसेंबर महिना, आणि नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, भाऊ झोपला की पाच मिनिटांत रजई तोंडावर. पापण्या दिसणार कशा! शेवटी त्याला कानटोपी घातली आणि रजई खांद्यापर्यंत टाचणीनी अडकवली. नाइट लॅम्प, वही, फोनवर रेकॉर्डर चालू, आणि मी खुर्चीत शाल घेऊन.

पहिल्या रात्री चूक झाली. भाऊ झोपून दहा मिनिटंही झाली नव्हती, डोळे फिरताना दिसले, मी लगेच उठवलं, तो म्हणाला ताई मी अजून नीट झोपलोच नव्हतो. नंतर पुस्तक उघडून बघितलं तर झोप लागताना डोळे संथ डोलतात, होडी हलते तसे, आणि ते रेम नव्हे. रेममध्ये झटके असतात, मधेच शांत, परत झटके, श्वास कमीजास्त होतो, बोटं हलतात. पहिलं रेम साधारण दीड तासानी येतं आणि तेही थोडकंच असतं, पहाटेकडे ते लांबत जातं, त्यामुळे खरं काम चार ते सहा या वेळात. हे एकदा कळल्यावर मी अकरा ते तीन सरळ झोपायला लागले.

उठवायची पद्धत १९५७ च्या डिमेंट आणि क्लाइटमनच्या प्रयोगावरून घेतली. त्यांनी पलंगाशेजारी घंटी ठेवली होती, वाजली की जागं व्हायचं आणि आधी रेकॉर्डरशी बोलायचं, संशोधकानी मधे तोंड घालायचं नाही. रेममधून उठवल्यावर १९१ पैकी १५२ वेळा स्वप्न सांगता आलं, बाकीच्या झोपेतून १६० पैकी फक्त ११ वेळा. मीही घंटीच वापरली, देवघरातली. दुसऱ्या रात्री भावाचे डोळे वरखाली उडत होते, उठून म्हणाला सोमेश्वरच्या धबधब्यावर उभा होतो, खाली पाणी बघत होतो. माझ्या अंगावर काटा आला. पण पुढच्या वेळी नजर आणि गोष्ट अजिबात जुळली नाही, आणि एका जुळण्यावरून काही म्हणता येत नाही हे मला तेव्हा मनापासून पटलं.

खरं शिकवलं ते आजीनी. डोळे अगदी शांत असताना तिला उठवून विचारायचे, स्वप्न पडत होतं का? ती नाही म्हणायची, मी 'नाही' लिहायचे, दोन रात्री असंच. तिसऱ्या रात्री नाही म्हणून पुढे आपणहून म्हणाली, स्वप्न कसलं, लासलगावला चाळीतला कांदा निवडायचा राहिलाय तेवढंच डोक्यात होतं. लासलगाव सोडून तिला तीस वर्षं झालीत! म्हणजे मन रिकामं नव्हतंच, माझा प्रश्न अरुंद होता. १९६२ मध्ये स्वप्नांचा अभ्यासक डेव्हिड फोक्सनी हेच दाखवलं होतं, मनात काय चाललं होतं असं विचारलं की रेम नसलेल्या झोपेतूनही लोक बरंच काही सांगतात. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं, कळलं मात्र त्या रात्री. मॅडमना सकाळीच फोन केला, त्या म्हणाल्या आधीचा डेटा टाकू नकोस, प्रश्न बदलला असं स्पष्ट लिही आणि दोन वेगळे तक्ते कर. तसंच केलं. स्वप्नांवर काम करणार असाल तर घंटीच्या आवाजाआधी प्रश्नाचे शब्द तपासा एवढं मी नक्की सांगेन, नाहीतर समोरच्यानी दिलेलं उत्तर आपणच गाळून टाकतो.

पाचव्या रात्री पावणेपाचला आजीच्या पापण्या जोरात थरथरायला लागल्या. घंटी वाजवली, विचारलं, आत्ता काय चाललं होतं? ती बराच वेळ बोलली, आजोबांबद्दल, रेकॉर्डर चालू होता. मग चहा पिताना म्हणाली, पोरी, हे तुझ्या कॉलेजच्या कागदात नको घालूस. संमतीपत्रात माघार घ्यायचा हक्क मीच लिहिला होता, मी तिच्यासमोर रेकॉर्डिंग पुसलं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, डोळ्यांच्या हालचाली 'जलद', वेळ ४:४५, मजकुराचा रकाना कोरा. मी कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.