सासूबाईंच्या खापरपणजीपर्यंत पोचताना (माझा अनुभव)

माझं माहेर पुण्याचं आणि सासर अमेरिकेतलं, युटा राज्यातल्या सॅनपीट काउंटीतलं. नवऱ्याच्या आईकडची माणसं डेन्मार्कहून आलेली मॉर्मन (हा अमेरिकेत निघालेला एक ख्रिस्ती पंथ), दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आलेली. गेल्या वर्षी सासूबाईंना 'डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स' या संस्थेचं, म्हणजे युटात सुरुवातीला येऊन वसलेल्या 'पायोनियर' लोकांच्या लेकीसुनांपैकी रक्ताच्या लेकी-नातींच्या संस्थेचं, सभासद व्हायचं होतं, त्याचं कागदपत्रांचं सगळं काम मी केलं. आपल्या लोकांची मुलं आता इथल्या घरांत लग्न करून जातायत, त्यांच्या नातवंडांना पुढे कधीतरी हे लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी संस्थेबद्दल. ती १९०१ ची. ॲनी टेलर हाइड नावाच्या बाईंनी सॉल्ट लेक सिटीत आपल्या घरी ओळखीच्या बायकांना बोलावून ती सुरू केली, आणि या बाई म्हणजे मॉर्मन चर्चचे तिसरे अध्यक्ष जॉन टेलर यांची मुलगी. मॉर्मन लोकांचा पहिला जथा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला तो १८४७ च्या जुलैमध्ये (२४ जुलैला युटात अजूनही सार्वजनिक सुट्टी असते), म्हणजे १९०१ पर्यंत ती पिढी भराभर संपत चालली होती आणि त्यांच्या वह्या, पत्रं, गोधड्या, भांडीकुंडी कुठेतरी माळ्यावर पडून होती. ते सगळं जपायला संस्था. अट अशी की तुम्ही बाई असाल, अठरा वर्षं पूर्ण असतील आणि तुमचा कोणीतरी थेट पूर्वज १० मे १८६९ च्या आधी त्या वेळच्या युटाच्या हद्दीत आलेला असेल किंवा येताना वाटेत मेलेला असेल, तर सभासद होता येतं. ती तारीख अशासाठी की त्या दिवशी प्रॉमंटरी समिटला पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची रेल्वे जोडली गेली, त्यानंतर आले ते गाडीत बसून आले, आधीचे आले ते बैलगाड्यांबरोबर चालत. दत्तक मुलीही चालतात. तुम्ही आज त्या चर्चमध्ये आहात की नाही याचा संबंध नाही, सासूबाई स्वतः चाळीस वर्षांत चर्चमध्ये गेलेल्या नाहीत आणि त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

मी अर्थातच सभासद होऊ शकत नाही, सून आहे, रक्ताचं नातं नाही. माझी लेक होऊ शकते.

फॉर्म दिसायला साधा आहे. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला पायोनियर, आणि मधल्या प्रत्येक पिढीचं जन्म, लग्न, मृत्यू, तारीख आणि गाव. पण नुसती नावं लिहून भागत नाही, ही मुलगी याच बाईची हे प्रत्येक सांध्याला कागदाने दाखवावं लागतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर आमची वंशावळ तयारच होती, कोणीतरी लांबच्या नातेवाइकाने भरलेली. सासूबाईंना वाटलं की प्रिंट काढला की झालं, पण तो पुरावा होत नाही, कारण तिथे कोणीही काहीही भरू शकतं. त्यातून धागा मिळतो, पण मूळ कागद आपल्यालाच शोधायचा.

सासूबाईंची आई, आजी, पणजी आणि मग खापरपणजी, आणि ती खापरपणजी म्हणजे आमची पायोनियर. चारही सांधे बायकांचे. म्हणजे प्रत्येक पिढीत आडनाव बदललेलं. माझ्या माहेरी कुलवृत्तांत आहे, जाडजूड, मी लहानपणापासून पाहिलेला, त्यात मुलींची नावं आहेत पण अमक्या घरी दिली एवढं लिहिलं की तिची ओळ थांबते, तिची मुलं दुसऱ्या कुळाच्या पुस्तकात. इथे मला नेमकी ती थांबलेली ओळच धरून मागे जायचं होतं, आणि खरं सांगते, या कामात मी इतकी गुंतले त्याचं मोठं कारण हेच.

पहिले दोन सांधे सोपे गेले. युटात जन्म-मृत्यूची राज्य पातळीवर नोंद १९०५ पासून नीट सुरू झाली आणि जुने मृत्यूचे दाखले राज्याच्या अभिलेखागाराने स्कॅन करून फुकट ठेवलेत. त्या दाखल्यात मेलेल्या माणसाच्या आईवडलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव सुद्धा, म्हणजे बाईच्या बाजूने शोधणाऱ्याला सोनंच. फक्त माहिती कोणी दिली ते खाली लिहिलेलं असतं, ते आधी बघायचं. जावयाने दिली असेल तर सासूच्या आईचं नाव त्याला धड माहीत असेलच असं नाही. पणजीच्या दाखल्यावर तेच झालेलं, माहिती देणारा जावई आणि आईच्या रकान्यात एक मोडकंतोडकं डॅनिश नाव, जे दुसऱ्या कुठल्याच कागदाशी जुळेना.

आणि इथेच आम्ही अडकलो. पणजीचा जन्म १८६६ चा, तेव्हा जन्मदाखले नाहीत. खापरपणजीच्या लग्नाचा सरकारी कागद मिळेना, कारण युटात काउंटीकडून लग्नाचं लायसन्स घ्यायची पद्धतच १८८७ ला आली. त्यात खापरपणजोबांच्या दोन बायका. घरात हे सगळ्यांना माहीत होतं पण कोणी त्यावर बोलायचं नाही, आणि पणजी कोणत्या बायकोची हेच सिद्ध करायचं होतं. १८७० च्या जनगणनेत घर सापडलं, एक पुरुष, दोन मोठ्या बायका आणि मुलांची रांग, पण त्या वर्षीच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं काय हा रकानाच नव्हता! तो १८८० ला आला. १८९० ची जनगणना तर जवळपास सगळी वॉशिंग्टनच्या आगीत गेली, त्यामुळे जे काय मिळेल ते १८८० मध्येच.

१८८० चं पान मिळालं तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तोपर्यंत दोन्ही बायकांची घरं वेगळी झाली होती, एकाला लागून एक. दुसऱ्या घरात सगळ्यात वर खापरपणजीचं नाव, जन्म डेन्मार्क, आणि खाली चौदा वर्षांची पणजी, नातं मुलगी. सासूबाई ते पान बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही दुसरी बायको होती ना, मग तसंच लिही, लपवू नकोस. नुसत्या जनगणनेवर मी थांबले नाही, गावच्या चर्चच्या जुन्या वहीत पणजीच्या आठव्या वर्षीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधली, त्यात आईवडील दोघांची नावं होती. दोन कागद एकमेकांना धरून बोलले की संस्थेतल्या फॉर्म तपासणाऱ्या बाईसुद्धा जास्त विचारत नाहीत.

मग डेन्मार्क. फॉर्मला खरं तर तिच्या आगमनाचा पुरावा पुरतो, पण तिचा जन्म नीट लावल्याशिवाय जहाजाच्या यादीतली ती हीच हे कळत नव्हतं, कारण त्या काळी खेड्यापाड्यांत आडनाव वडलांच्या नावावरून पडायचं. वडील येन्स तर मुलगा येन्सन आणि मुलगी येन्सडॅटर, पुढच्या पिढीत ते परत बदलणार. आणि अमेरिकेत आल्यावर कोणी वडलांचं आडनाव धरलं, कोणी नवऱ्याचं, कोणी गावाचं. आमची खापरपणजी तीन कागदांत तीन नावांनी आहे. सॉल्ट लेकच्या फॅमिलीसर्च लायब्ररीत स्कँडिनेव्हियन नोंदी वाचून दाखवणारे लोक असतात, तिथल्या एका आजोबांनी मला जुन्या गॉथिक वळणाचं अक्षर लावायला शिकवलं, अगदी मन लावून शिकवलं, त्यांचे उपकार कसे फेडू असं झालं. डेन्मार्कच्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वह्या त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवल्यात आणि १८४५ पासूनच्या त्यांच्या जनगणनेत जन्मगावही असतं, त्यामुळे गाव एकदा कळलं की पुढचं होतं. गाव निघालं उत्तर जटलँडमधलं. मॉर्मन मिशनरी डेन्मार्कला पोचले १८५० ला, त्याच्या आदल्याच वर्षी तिथे नवीन राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलेलं, आणि त्या भागातून पुष्कळ गरीब शेतकरी, मोलकरणी त्यांच्याबरोबर निघाल्या. आमची त्यांतलीच, कोणाच्यातरी घरी कामाला असलेली.

चर्चच्या इतिहास विभागाने १८४७ ते १८६८ मध्ये कुठल्या तांड्याबरोबर कोण आलं याचा डेटाबेस केलाय, त्यात ती सापडली, १८६२, वय २२. त्या वर्षी हॅम्बुर्गहून चार जहाजं डॅनिश आणि इतर स्कँडिनेव्हियन मॉर्मन घेऊन निघाली, ती 'फ्रँकलिन'वर होती. त्या जहाजावर गोवर पसरला आणि कितीतरी मुलं समुद्रातच गेली. तिचा धाकटा भाऊ त्यांतला. यादीत दोघांची नावं एकाखाली एक आणि पुढच्या तांड्याच्या यादीत ती एकटीच. घरात कोणालाही हा भाऊ माहीत नव्हता, सासूबाईंना नाही, त्यांच्या आईनेही कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्याचं नाव मोठ्याने म्हणून बघितलं, दोनतीनदा, उच्चार मला विचारून.

न्यूयॉर्कहून रेल्वे, मग मिसुरी नदीतून बोट, आणि नेब्रास्कातल्या फ्लोरेन्सपासून पुढे बैलगाड्या. १८६१ पासून चर्च युटातूनच बैल आणि गाडीवान पाठवायचं गरीब लोकांना आणायला, गाडीत सामान आणि आजारी माणसं, बाकीच्यांनी चालायचं, हजारेक मैल. सप्टेंबरात ती पोचली आणि तिथून सॅनपीटला गेली कारण एफ्राइम, मँटाय या गावांत डॅनिश बोलणारे लोक होते. एफ्राइममध्ये आजही दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी स्कँडिनेव्हियन उत्सव भरतो.

अर्जासोबत पायोनियरची जीवनकथा देता येते, ती संस्थेच्या संग्रहात राहते आणि पुढच्या पिढ्यांना तिथून प्रत मिळते. माझ्या मते फॉर्मपेक्षा हीच जास्त महत्त्वाची. ती आम्ही दोघींनी मिळून लिहिली आणि एका गोष्टीवर आमची बरीच चर्चा झाली. सॅनपीट हे यूट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं खोरं. १८४९ ला त्यांचे प्रमुख वाकारा यांनीच मॉर्मन लोकांना तिथे येऊन वस्ती करायला बोलावलं होतं, मग वस्त्या वाढत गेल्या, कुरणं आणि पाणी गेलं, यूट उपाशी पडले, आणि १८६५ ला ब्लॅक हॉक युद्ध पेटलं ते १८७२ पर्यंत चाललं. खापरपणजीची पहिली मुलं त्या युद्धाच्या काळातली. घरातल्या गोष्टींमध्ये फक्त इंडियनांची भीती होती, गुरं पळवून नेली, रात्री गढीत झोपायचे, एवढंच. मी म्हटलं की ती भीती खरीच होती, ती लिहूच, पण जमीन कोणाची होती तेही लिहू. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग त्यांनी स्वतःच्या हाताने तो परिच्छेद लिहिला, माझ्यापेक्षा चांगला लिहिला.

कागद जमा झाल्यावर बाकीचं शांतपणे झालं. संस्थेच्या गावोगावच्या गटाला कॅम्प म्हणतात, आमच्या कॅम्पच्या रजिस्ट्रारबाईंनी फॉर्म ओळीओळीने तपासला, एका लग्नाच्या तारखेला आधार मागितला, तो दिला, मग फॉर्म सॉल्ट लेकला गेला आणि मंजूर होऊन आला. ज्यांना करायचंय त्यांना एवढंच सांगते की आधी कॅम्पच्या रजिस्ट्रारना भेटा, तुमच्याच घराण्यातली एखादी मावशी, आत्या आधीच सभासद असेल तर अर्धी साखळी तपासलेली मिळू शकते. आमच्याकडे कोणी नव्हतं.

सॉल्ट लेकला मेन स्ट्रीटवर संस्थेचं म्युझियम आहे, १९५० ला उघडलेलं, बाहेरून जुन्या सॉल्ट लेक थिएटरसारखं बांधलंय. तिकीट नाही. आत गोधड्या, बाहुल्या, मेलेल्या माणसांच्या केसांची विणलेली फुलं, आणि जवळपास प्रत्येक वस्तूशी ती कोणाची होती त्याचं नाव. सासूबाईंकडे लोकर पिंजायच्या दोन फण्या होत्या खापरपणजीच्या, त्या द्यायचं त्यांनी ठरवलं. कोणाकडून कोणाकडे आल्या हे लिहून द्यावं लागलं, परत तीच चार बायकांची ओळ.

त्या म्युझियमच्या अगदी जवळ, त्याच रस्त्यावर, मक्यून मॅन्शन म्हणून एक देखणा वाडा आहे. तो बांधणारे आल्फ्रेड मक्यून खाण आणि रेल्वेवाले, जन्म १८४९, कलकत्ता! वडील ब्रिटिश फौजेत होते, तिथेच मॉर्मन झाले आणि १८५७ ला कुटुंब युटात पोचलं. म्हणजे हिंदुस्थानात जन्मलेला मुलगा युटाचा पायोनियर. मग मी वाचत गेले तर १८५२ ला ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले होते आणि पुण्यातही राहिले होते, लष्करात प्रवचनाला परवानगी नाकारली तरी थोडे लोक, बहुतेक गोरे आणि अँग्लो-इंडियन, त्यांच्याबरोबर आलेच. माझ्या पुण्यात, कॅम्पात, जिथे मी कॉलेजला असताना रोज जात होते! मला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं आणि इथल्या कॅम्पच्या बायकांनाही माहीत नव्हतं. पुढच्या एका बैठकीत त्यावर बोलशील का असं त्यांनी मला विचारलंय, सभासद नसले तरी, आणि मी हो म्हटलंय.

आता लेकीचा फॉर्म. आजीची साखळी मंजूर झालेली असल्यामुळे तिला फक्त वडलांचा जन्मदाखला आणि स्वतःचा, एवढे दोन कागद वाढवायचेत. तिला मात्र त्या भावाबद्दल अजून शोधायचंय, जहाजावर मेलेल्यांची नोंद कोणी ठेवली का ते, आणि त्यासाठी तिने डॅनिश शिकायला सुरुवात केलीय.