सातातले किती

जिंकलेला हात इतका वेळ डोक्यात राहू नये. पण पोकरमधला कालचा राहिलाय. सकाळपासून तोच मोजतोय.

टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट छक्की, मग किल्वर तिर्री आणि शेवटी बदाम दुर्री. माझ्याकडे बदामचे राजा-राणी. रिव्हरला, म्हणजे शेवटचा पत्ता उघडल्यावर, समोरच्या मित्राने पॉटएवढी, मध्ये जमलेल्या पैशांएवढीच, बेट लावली. म्हणजे तीनातून एकदा जरी तो ब्लफ करत, हातात काही नसताना रेटत, असेल तरी कॉल, म्हणजे तेवढेच पैसे टाकणं, परवडतो. इथपर्यंत कुणालाही येतं.

पुढचं मोजणं मला मनापासून आवडतं. 52 पत्त्यांतून दोन पत्ते 1326 प्रकारे येतात. माझे दोन आणि टेबलावरचे पाच वगळले की उरतात 990. मग त्याने फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी, काय केलं, नंतर काय केलं, ते आठवत एकेक जोडी खोडत जायची. दोन एक्के, दोन राजे किंवा एक्का-राजा असते तर त्याने आधीच री-रेज केलं असतं, म्हणजे वाढवलेली बेट आणखी वाढवली असती, ते गेले. दोन दुर्र्या किंवा पंजी-चौकी घेऊन तो इथवर थांबला नसता, त्याही गेल्या. मला हरवतील अशा उरल्या किती? नव्व्यांचा सेट, म्हणजे तीन नव्व्या, तीन प्रकारे, छक्क्यांचा तीन, तिर्र्यांचा तीन, आणि एका रंगाचे राजा-नव्वी दोनच प्रकारे, कारण बदामचा राजा माझ्या हातात. एकूण 11. दुसरीकडे इस्पिकच्या फ्लशची, म्हणजे पाच इस्पिकांची, वाट बघत थांबलेल्या आणि फसलेल्या जोड्या. त्या मी 7 धरल्या. त्या सातही तो रेटणारा असेल तर 18त 7, कॉल. त्यातल्या निम्म्याच रेटणारा असेल तर ब्लफचं प्रमाण चारात एकही पडत नाही, फोल्ड, म्हणजे हात सोडून द्यायचा.

सगळं येऊन थांबलं ते सातातले किती यावर. आणि ते पत्त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी सात धरले. कॉल केला. त्याने इस्पिकचे गुलाम-दश्शी टाकले आणि म्हणाला, "तुझं ते गणित!" सगळे हसले. तोही हसला.

सात धरण्यामागे होतं ते बुधवारी चहा पिताना त्याने जे सांगितलं ते. वहिनींनाही अजून माहीत नाही. अशा आठवड्यात हा माणूस हात आवरणार नाही, हे मला कळत होतं. आणि ते कळणं मी सरळ भागाकारात घातलं. समोर अनोळखी कुणी असता तर मी पाच धरले असते. 16त 5, फोल्ड.

शक्यतांचं गणित मांडणाऱ्या थॉमस बेझचा निबंध 1763 मध्ये छापला गेला, तो वारल्यानंतर. नवी माहिती आली की आधीचा अंदाज किती बदलायचा, हे त्यावरून आलेल्या सूत्रातून नेमकं निघतं. आधीचा अंदाज कुठून आणायचा ते ज्याचं त्याने बघायचं. मी तो चहाच्या टेबलावरून आणला.

बाकीचे काय करतात? हात थरथरतोय का बघतात, चिप्स कशा सरकवल्या ते बघतात. तीन पत्तीत तो ब्लाइंड खेळायचा, तेव्हापासून सगळेच त्याला ओळखतात. त्यांना काही टोचत नाही. मलाच का टोचावं? त्या रात्री मी एकटाच... जाऊ दे.

दुपारी लिब्राटस हा पोकर खेळणारा प्रोग्रॅम आठवला. 2017 मध्ये पिट्सबर्गच्या कसिनोत त्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 हातांत हरवलं. समोरच्याचा स्वभाव शोधण्यावर त्याचा भरच नव्हता. आपल्या खेळात कुणाला फट सापडू नये, एवढं तो बघायचा. त्या हिशोबाने पॉटएवढ्या बेटला आपल्या साधारण निम्म्या हातांनी कॉल करायचाच, समोर कुणीही असो. राजा-राणी त्या निम्म्यात आरामात बसतात. म्हणजे बुधवार झालाच नसता तरी कॉलच होता. हे ताडून पाहिलं आणि खरंच बरं वाटलं, अर्धा दिवस उगाच जाळला असं वाटलं.

तरी काल मी त्या वाटेने गेलो नव्हतो. तेवढं राहील, राहू दे. तो मित्र आहे आणि मी मोजणारा आहे. दोन्ही बरीच वर्षं चाललंय आणि त्याला ते पहिल्यापासून माहीत आहे.

आत्ताच त्याचा मेसेज आला, शनिवारी त्याच्याकडे बसायचं. येतो म्हटलं. त्याआधी चहाला भेटू असंही म्हणतोय. भेटेन, ऐकेन. आणि बुधवारचं अजून मिटलं नसेल तर शनिवारी पत्ते काढायचे नाहीत, नुसतं जेवायचं, असं मीच सुचवणार आहे.