विरोधी बाकं रिकामी असताना

ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात दरवर्षी अभिरूप संसद भरवते. यंदा काळ दिला होता जुलै 1989 चा आणि विषय, श्रीलंकेतली आपली शांतिसेना.

मुलांना पार्श्वभूमी आधीच सांगून ठेवली होती. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ बंडखोरांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला आपलं सैन्य गेलं आणि ऑक्टोबरात त्यांच्यातल्या लिट्टे या संघटनेशीच लढायला लागलं. जयवर्धन्यांनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी 1 जून 1989 ला जाहीर सांगितलं, 29 जुलैच्या आत परत जा. आणि त्या मुदतीच्या तोंडावर, 24 जुलैला, बोफोर्स तोफांच्या खरेदीवर कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, दिलेल्या अहवालावरून लोकसभेतल्या बहुतेक विरोधी खासदारांनी एकगठ्ठा राजीनामे दिले.

विरोधी पक्षनेता झालेल्या मुलीने हे सगळं वाचलं होतं. पंतप्रधानांनी निवेदनाला सुरुवात करताच ती उठली. "या सरकारवर आमचा विश्वास नाही, आम्ही बहिष्कार टाकतोय!" अध्यक्षांच्या डाव्या हाताची सगळी बाकं घोषणा देत बाहेर. मला तिचं कौतुकच वाटलं.

मग आत जे घडलं त्याची मी कल्पना केली नव्हती. पंतप्रधान झालेला मुलगा चांगली चार पानं लिहून आला होता: सैन्य कशासाठी गेलं, किती जवान गमावले, माघार कधी. त्याने पहिलं पान अर्धं वाचलं, समोर बघितलं आणि बाकीची पानं घडी करून खिशात घातली. "सरकार योग्य तो निर्णय घेईल." अध्यक्षांनी मत विचारलं. दणदणीत 'होय'. "प्रतिकूल कोणी?" कोणीच नाही. ठराव संमत. जवानांचा आकडा खिशातच राहिला.

शेवटच्या बाकावर एका विद्यार्थ्याचे आजोबा बसले होते. लोकमान्य नगरला राहतात, आर्मी सर्व्हिस कोरमधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात ट्रक चालवायचे. चर्चा संपल्यावर त्यांनी बोलायचं असं ठरलं होतं. ते मध्येच उभे राहिले. "मॅडम, त्या पोरांना आत बोलवा."

मुलं आली. सुभेदार म्हणाले, "पलालीच्या तळावरून रेशन घेऊन निघालो की सुरुंग शोधणारे जवान पुढे पायी चालायचे. त्यांच्या चालीने आम्ही ट्रक हाकायचो. जाताना सांगितलं होतं, भांडण सोडवायला चाललाय. मग आम्हीच भांडणात. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं? आम्ही कोणाला विचारणार? वाटायचं, दिल्लीत कोणीतरी विचारत असेल."

मुलगी मागे हटली नाही, हे मला फार आवडलं. "आजोबा, सरकारचे 400 हून जास्त खासदार होते. आत बसून आमचं ऐकलं कोणी असतं? राजीनाम्यांनी देश ढवळून निघाला, नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांची सत्ता गेली आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परत आली. बाहेर पडूनच काम झालं ना?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परदेशात सैन्य पाठवण्याआधी संसदेची संमती घ्या, असं आपल्या राज्यघटनेत कुठेच लिहिलेलं नाही. मंत्रिमंडळाने ठरवलं की सैन्य निघतं. मग सभागृहाच्या हातात उरतं काय? प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव. मतदानात हरलात तरी मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तराची नोंद होते. राज्यसभेतले विरोधक तेव्हा जागेवरच होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे याच सरकारची पंचायत राजचं 64 वं घटनादुरुस्ती विधेयक पडलं. बोफोर्सवरचा संताप रास्त होता, याबद्दल मला शंका नाही. पण आपले जवान परमुलखात मरत असताना लोकसभेतली ती बाजू ओस पडावी, हे मला पटत नाही.

तेवढ्यात तास संपला. "मॅडम, पुन्हा घेऊया?" मुलीनेच विचारलं. अर्थशास्त्राच्या सरांनी त्यांचा तास दिला.

या वेळी बाकं भरलेली राहिली. "किती जवान गेले?" या पहिल्याच प्रश्नाला खिशातली पानं बाहेर आली. त्याने अखेरचा आकडा काढून आणला होता, अकराशेहून अधिक. तो वाचताना त्याचा आवाज खाली गेला आणि समोरून लगेच ओरडा झाला, "मोठ्याने!" मग प्रश्नावर प्रश्न. करारात लढाई होती का? यजमान देश जा म्हणतोय तर थांबायचं कोणासाठी?

ठराव याही वेळी संमत झाला, बहुमत सरकारचंच होतं. पण ऑक्टोबर 1987 मध्ये काम बदललं ते कोणी ठरवलं, हा सुभेदारांचा प्रश्न मुलीने शब्दशः विचारला, तेव्हा पंतप्रधान अडकले. अध्यक्षांनी सोमवारपर्यंत लेखी उत्तर मागितलं.

"सोमवारी मीही येतो," सुभेदार म्हणाले.