बवाजाला ते का सांगावं लागलं

बायकांच्या बायबल अभ्यासाचा बुधवार होऊन गेला तरी मावशींचा प्रश्न डोक्यातून जात नाही. रात्री दिवा मालवला की येतो, सकाळी चहा ठेवताना येतो. म्हणून लिहून काढते.

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय चालू होता, विधवा रूथ बवाजाच्या शेतात कापणीमागे वेचायला जाते तो. नववं वचन वाचून मी पुढे वळलेही होते, तेवढ्यात मावशी बोलल्या. "त्यानी पोऱ्यास्ले आशे काब्र सांगं? पयले काही व्हयेल व्हई, तव्हयच ना." हिला हात लावायचा नाही अशी ताकीद बवाजाने आपल्या गड्यांना का दिली? आधी काही घडलं असेल, म्हणूनच ना? आवाज चढवला नाही त्यांनी, कुणाकडे पाहिलंही नाही. मिरची वाळवतात त्या पथारीवरून थेट आल्या होत्या. मिरचीची आवक सुरू झाली आहे, दिवसभर देठ खुडून हातांची आग होते, म्हणून बायबलच्या पानाला त्या बोट लावत नाहीत. वाचता येत नाहीच. नात वाचते, त्या ऐकतात.

माझ्यासमोर टिपणं होती, आणि चांगली होती हे मी आजही म्हणेन. बायबलच्या लेवीय १९ आणि अनुवाद २४ ह्या अध्यायांमधला सरव्याचा नियम काढला होता. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापायचं नाही, खाली पडलेलं गोळा करायचं नाही, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत फिरायचं नाही. ते परक्याचं, पोरक्याचं, विधवेचं. रूथ परकीही होती आणि विधवाही, तेव्हा सरवा हा तिचा हक्कच. दिवसभर वेचून, संध्याकाळी झोडून तिच्या पदरात सुमारे एफाभर सातू पडले. एफा म्हणजे साधारण २२ लिटर धरतात. आमच्यातल्या बहुतेकींनी भुईमुगाचा सरवा वेचलेला आहे, वाळलेल्या ढेकळांतून एकेक शेंग काढलेली आहे, त्यामुळे एवढं माप ऐकून सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. इतकं कुणाला मिळतं? मुकादमाचा भाग तर मला समजावून सांगावाच लागला नाही. मालक शेतात येतो, नवी बाई दिसते, विचारतो ही कोणाची, आणि मुकादम तिची सगळी माहिती देतो. मवाब देशातली आहे, सासू नामीबरोबर आली, सकाळपासून उभी आहे. दुपारी मिळालेल्या हुरड्यातला उरलेला रूथ सासूसाठी बांधून नेते, हे मी पुढचं आधीच सांगून टाकलं, तर दोघीतिघींनी मान हलवली. त्याही तसंच करतात.

आणि मग तो प्रश्न.

मी लगेच काही बोलले नाही. ऊसतोडीला जाते ती पोरगी बोलली, जी एरवी कधी तोंड उघडत नाही. बारडोलीकडे पडाव पडला की रात्री कुठलीच बाई एकटी उठत नाही, इथपासून तिने सुरुवात केली. पुढचं इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. नंतर आणखी एक बोलली, मग आणखी एक. माझी वही मांडीवर उघडी होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी हात धरून प्रभूची प्रार्थना म्हटली आणि उठलो.

घरी येऊन मी जेवले नाही. यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं. दुखत नव्हतं. मला हेवा वाटत होता. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. किती वर्षं मी हे पुस्तक उशाशी घेऊन झोपते. डिप्लोमा केला तेव्हा मुलं लहान होती, त्यांना निजवून स्वयंपाकघरात भाष्यं वाचली, चर्चच्या मंडळीत कुणी विचारत नव्हतं तरी वाचली. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली मी, संडे स्कूलपासून रूथ तोंडपाठ. आणि शास्त्र उघडलं ते कुणासाठी, तर जिला अक्षर लागत नाही तिच्यासाठी, एका ओळीत. मला नाही, तिला. रात्री मी देवाला हेच म्हटलं. मग माझ्या जागण्याचं काय?

रागही होता थोडा. कुणावर, ते सोडून देते.

काल सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. कुणीतरी सांगितलं असणार. ताई, बायका दिवसभर राबून येतात, त्यांना धीर मिळेल असं काही घ्या, असल्या गोष्टी कशाला उकरायच्या? मी ‘हो’ म्हटलं नाही. काय म्हटलं ते आठवत नाही. पण फोन ठेवला आणि शास्त्र घेऊन बसले, कारण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी मलाही तपासून पाहायची होती. मावशींनी आपलं दुःख त्या वचनावर ठेवलं, की ते वचनात होतं? वाचणारा आपल्या मनातलं शास्त्रात घालतो आणि पुन्हा शास्त्रातून बाहेर काढून दाखवतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या वचनांचं बहुधा तेच होतं. मागचंपुढचं कापलेलं, फुलांच्या चित्रावर चिकटवलेलं, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. मावशींच्या प्रश्नाला मी त्यातून सूट देणार नव्हते.

तर वचनातच आहे. नवव्यात बवाज सांगतो, मी गड्यांना बजावलं आहे, तुला हात लावायचा नाही. पंधराव्यात तो गड्यांना पुन्हा सांगतो, ती पेंढ्यांमध्ये वेचायला लागली तरी तिचा अपमान करू नका. सोळाव्यात म्हणतो, मुद्दाम थोडं गाळून ठेवा, आणि तिला धमकावू नका. बाविसाव्यात नामीही तेच बोलते. त्याच्याच मुलींबरोबर जा बाई, दुसऱ्या शेतात तुझ्यावर कुणी येऊ नये. एका अध्यायात चार वेळा. दोन माणसं, एक शेताचा मालक आणि एक म्हातारी विधवा, दोघंही धरूनच चालतात की कापणीच्या शेतात एकट्या परक्या बाईला काय होऊ शकतं. लिहिणाऱ्याने काहीही लपवलेलं नाही. मावशींनी ते बाहेरून आणलेलं नाही.

आणि मग मी एक पान मागे उलटलं. रूथचं पहिलंच वाक्य सांगतं की हे शास्त्यांच्या, म्हणजे इस्राएलात राजे येण्याआधीच्या पुढाऱ्यांच्या, काळात घडलं. इब्री, म्हणजे हिब्रू, शास्त्रात रूथ वेगळ्या जागी आहे, सणांना वाचायच्या पाच गुंडाळ्यांमध्ये. सातू आणि गहू यांच्या कापणीच्या दिवसांतली ही गोष्ट, म्हणून सप्ताहांच्या सणाला यहुदी ती वाचतात. पण ग्रीक परंपरेने चालत आलेल्या आपल्या बायबलमध्ये रूथच्या आधी शास्ते हे पुस्तक आहे, आणि शास्त्यांचा शेवट काय आहे? एकोणिसावा अध्याय, बेथलेहेमचीच एक बाई. नवऱ्याबरोबर निघालेली, गिबा नावाच्या गावात रात्रीचा मुक्काम. गावातली माणसं तिला रात्रभर सोडत नाहीत, आणि पहाटे ती दारात पडलेली. एकविसाव्यात शिलोच्या मुली सणाला नाचायला बाहेर पडतात आणि बन्यामिनी वंशाचे पुरुष द्राक्षमळ्यात दबा धरून त्यांना उचलून नेतात. त्या काळी राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी, असं म्हणून पुस्तक संपतं. पान उलटलं की बेथलेहेम, आणि शेतात एकटी बाई.

मी उठून पाणी प्यायले. मावशींना शास्ते ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, "पयले काही व्हयेल व्हई," आणि ते आधीचं खरोखरच आधीच्या पानांवर आहे.

आपल्याकडे रूथ लग्नात वाचतात. तू जाशील तिथे मी येईन. ते सुनेने सासूला म्हटलेलं आहे, दोन विधवा रस्त्यात उभ्या असताना, पण असो, लग्नात वाचायलाही चांगलं आहे. नाहीतर बवाज ही ख्रिस्ताची छाया, सोडवणारा नातलग, असा संदेश ऐकायला मिळतो. मी तो मानते. मनापासून मानते, मीही दिला आहे. फक्त एवढंच की आपण बवाजापासून ख्रिस्तापर्यंत इतक्या घाईने जातो की शेत मधल्यामधे राहून जातं. सोडवणारा कशातून सोडवतो, ते तर शेतातच आहे. पाळकसाहेबांना धीर देणारं हवं होतं. त्या बायकांना ह्याहून मोठा धीर कुठला देऊ? त्या रात्री का उठत नाहीत, हे देवाच्या पुस्तकाला माहीत आहे. बुधवारी घरी जाताना त्या रडत नव्हत्या. दाराशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या.

पंडिता रमाबाई सतत आठवतात दोन दिवस. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, एकट्या पडलेल्या मुलींना गोळा करून घेऊन आल्या, कारण दुष्काळात अशा मुलींना भूक जेवढी मारते तेवढीच माणसंही टपलेली असतात, हे त्यांना दिसत होतं. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावात बसून त्यांनी इब्री आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि छापील पुस्तक १९२४ मध्ये निघालं. रूथच्या नवव्या वचनाशी त्यांचा हात आला असेल तेव्हा त्या थांबल्या असतील का? मला वाटतं थांबल्या असतील. त्यांच्याकडे दोन्ही होतं, इब्रीही आणि त्या मुलीही.

इथे मला जरा मोकळं वाटायला लागलं. हेवा गेला असं नाही. आहे. पण त्याचा काटा कमी झाला. मी जागून जे वाचलं ते नसतं, तर मावशींचा प्रश्न त्या खोलीत विचारला गेला असता आणि तिथेच राहिला असता, आणि फोन आल्यावर मीही म्हटलं असतं की जाऊ दे, पुढचं घेऊ. शास्ते १९ काढून दाखवणं हे माझं काम आहे. त्यांना ते काढता येणार नाही, आणि मला तो प्रश्न सुचणार नव्हता, कारण मी कधी मुकादमाच्या नजरेखाली दिवस काढलेला नाही. प्रभूने माझ्या वाट्याला वही दिली. ठीक आहे. वहीच सांभाळते.

बवाजाचा विचार मात्र संपत नाही. नियमशास्त्र होतं, सरवा हा हक्क होता, तरी रूथ सुरक्षित राहिली ती मालकाने शेतात उभं राहून आपल्या माणसांना तोंडाने बजावलं म्हणून. नियम लिहिलेला होता आणि तेवढ्याने भागत नव्हतं. त्याला हे कुठून कळलं असेल? मत्तयाच्या पहिल्या अध्यायात बवाजाची आई राहाब दिली आहे. यरीहोची वेश्या राहाब. म्हणजे घरात आईच परकी, आणि तिच्याबद्दल लोक काय बोलत असतील ते वेगळं सांगायला नको. अशा आईच्या मुलाला शेतातल्या परक्या बाईकडे बघून मुकादमाने न सांगितलेलंही समजलं असेल. हे मत्तयाने लिहिलेलं नाही, मी म्हणते आहे. आणि अनुवाद २३ प्रमाणे मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत जागा नव्हती. ती जागा बवाजाने कशी काढली, ह्यावर मला एक पूर्ण बुधवार हवा आहे.

तो मिळेलसं दिसत नाही. दिवाळी झाली की टोळ्या निघतील. उचल घेतलेली आहे, त्यामुळे थांबा म्हणायचा प्रश्नच नाही, आणि ती पोरगी परत येईल ती थेट उन्हाळ्यात. तिने निदान चौथा अध्याय ऐकून जावा, वेशीवर गावच्या दहा वडीलधाऱ्यांसमोर झालेला तो निवाडा, नामीच्या मांडीवरचं रूथचं मूल, शेजारणींनी त्याचं नाव ठेवणं. नुसतं शेत डोक्यात घेऊन तिने बारडोलीला जाऊ नये. मध्ये तिसरा अध्याय आहे, आणि सासूने सुनेला रात्री खळ्यावर का धाडलं हे मावशी विचारणारच, मला आत्ताच ऐकू येतं. तेव्हा येत्या बुधवारी तासभर आधी जमायचं, असा निरोप मघाशी नातीजवळ दिला आहे. आधी शास्त्यांची शेवटची पानं मी वाचेन, मग तिसरा आणि चौथा सलग. तिसऱ्यावर आधी त्या बोलतील, टिपणं नंतर. पाळकसाहेबांनाही या म्हटलं आहे. येतो म्हणाले.