लुकअहेड वाढवला तरी ट्रक तिथेच
दोन आठवडे झाले एक छोटा प्लॅनर (ध्येय गाठायला कोणत्या कृती कोणत्या क्रमाने करायच्या ते शोधणारा प्रोग्राम) लिहितोय, ट्रक, पार्सलं आणि मोजकं इंधन, बस एवढंच आहे त्यात, आणि ट्रक सारखा वाटेतच इंधन संपून अडकायचा. मला वाटलं तीन स्टेप पुढचं बघणं, म्हणजे लुकअहेड, कमी पडतंय, म्हणून पाच केल्या, मग सात, प्रोग्राम रांगायला लागला पण ट्रक अडकायचा तो अडकलाच, फक्त जरा पुढे जाऊन.

खर्च किती वाढतो ते रुबिक क्यूबवरून छान कळतं. सोडवलेल्या क्यूबपासून बरोबर ५ चालींवर ५,७४,९०८ स्थिती आहेत, ६ वर ७६,१८,४३८ आणि ७ वर १० कोटींच्या वर. एक चाल जास्त बघायची तर साधारण तेरा पट काम, आणि क्यूबला जास्तीत जास्त २० चाली लागू शकतात हे २०१० मध्ये सिद्ध झालंय, म्हणजे शेवटपर्यंत बघत जाणं विसराच.

पण माझी खरी गोची वेगळीच होती. लुकअहेडमध्ये आपण टोकाच्या सगळ्या स्थितींना ह्युरिस्टिक (ध्येय अजून किती लांब आहे याचा अंदाज सांगणारं सूत्र) लावतो आणि सगळ्यात कमी आकडा येतो तिकडे जातो ना, मग जितकी टोकं जास्त तितकी त्यात एखादं उगाचच गोड बोलणारं, म्हणजे चुकून खूप कमी आकडा दाखवणारं, सापडायची शक्यता जास्त, आणि आपण नेमकं त्याच्याच मागे जातो! दोन खेळाडूंच्या गेम ट्रीमध्ये (शक्य चालींच्या फांद्यांच्या झाडात) संगणकशास्त्रज्ञ डाना नाऊ यांनी १९८० च्या आसपास दाखवलं होतं की काही प्रकारच्या ट्रीमध्ये जास्त खोल बघितलं की निर्णय उलट बिघडतो. बुद्धिबळात तसं होत नाही, तिथे खोल बघितल्याचा फायदाच होतो, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं मला.

माझा ह्युरिस्टिक डिलीट रिलॅक्सेशनवाला, २००१ च्या एफएफ नावाच्या प्लॅनरमुळे गाजलेला. त्यात एकदा खरी झालेली गोष्ट पुन्हा खोटी होतच नाही, म्हणजे त्याच्या लेखी ट्रकचं इंधन कधी संपतच नाही. आता ज्याला टाकी रिकामी होते हेच माहीत नाही त्याला सात स्टेप पुढे उभं करून विचारलं तरी तो "जा, रस्ता मोकळा आहे" असंच सांगणार, आणि परत न फिरता येणारी जागा आठव्या स्टेपला असली की संपलं.

शेवटी लुकअहेड परत तीनवर आणला आणि उरलेल्या इंधनात जवळचा पंप गाठता येतो का एवढं तपासून, येत नसेल तर ती स्थिती थेट बाद करायला लागलो. कालच्या रनमध्ये आधी अडकलेल्या बहुतेक केसेस सुटल्या, दोन राहिल्यात, त्या दोन्हीत पंपापर्यंत पोचता येतं पण तिथून पुढचा पंप लांब आहे.