बर्न म्हणजे नेमकं काय जळतं?

बर्न हा शब्द आपल्या बोलण्यात चांगलाच मुरलाय, पण जिथं खरोखरची आग असते तिथं तो कुणी काढतच नाही. हुरड्याच्या दिवसात परभणीकडं कुणाच्याही शेतात आगटीजवळ बसून बघा. गोवऱ्यांचा इस्तू, त्यात खुपसलेली ज्वारीची कणसं, धूर फिरून फिरून नेमका आपल्याच डोळ्यात, आणि गोवरी धुमसायली, हे कणीस करपलं, अरे हात पोळंल, असं सगळं चाललेलं. भाजणं तर दोन्हीकडं, कणीस भाजलं की तोंडाला पाणी सुटतं अन् हात भाजला की डोळ्याला.

इंग्रजीवाल्यांचं एकाच बर्नवर भागतं. लाकूड आपोआप जळलं तरी बर्न, कुणी जाळलं तरी बर्न, भात करपला, उन्हानं कातडी भाजली, सगळं तेच. भूतकाळात बर्न्डही चालतं आणि बर्न्टही, पण करपलेल्या टोस्टला मात्र बर्न्टच म्हणायचं. मंग बारकावे दाखवायला त्याला शेपटं जोडायची, बर्न डाऊन म्हणजे जळून खाक, आणि बर्न आउट म्हणजे सरपण संपून आग आपोआप विझली. यातूनच माणसाचं बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणानं पार गळून जाणं, आलं, फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञानं १९७४ साली त्यावर लिहिलं, आता पुण्याला आयटीत गेलेली आपली पोरं दिवाळीला येऊन तेच सांगतात.

दवाखान्यात तेवढं 'बर्नची केस' म्हणतात, जळाली म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून असेल.

बाकी आपलं बर्न सगळं बिनधुराचं. लग्नाची सीडी बर्न करून द्या म्हणायचो, तिथं निदान लेझरनं आतला रंगाचा थर तरी तापायचा. आणि आता कॅलरी. आमचा भाचा हुरडा, लसणाचं तिखट, दही, वर गुळाचा खडा हाणून बांधावरून दोन चकरा मारतो अन् घड्याळात बघून म्हणतो, मामा, बर्न झालं सगळं. मला आधी वाटायचं हे नुसतं बोलायचं, पण अन्नातल्या कॅलरी मोजायची जुनी रीत खरंच जाळायचीच आहे, बंद भांड्यात ऑक्सिजन भरून पदार्थ पेटवायचा आणि भोवतालचं पाणी किती तापलं ते बघायचं. एक ग्रॅम चरबीला साधारण ९ किलोकॅलरी, साखरेला ४. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, मंग आगटीतच निम्म्या जळाल्या असतील, आणि अजून एक कणीस ओढलं.